जॉन स्टाइनबेकच्या कादंबऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टाइनबेक वाचायला घेतलेली मंडळी साधारण ठरावीक वळणांवर अडतात. कुणी 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मधल्या कासवापाशी थांबतं, कुणी शेवटच्या पानावर चिडतं, कुणाला त्यातली बोली झेपत नाही. मग प्रश्न येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ११ आणि १२ या क्रमांकांच्या उत्तरांत कथेचा शेवट उघड होतो. पुस्तक अजून वाचलं नसेल तर ती दोन उत्तरं मागे ठेवा.

१. स्टाइनबेक कोण होता, थोडक्यात सांगाल का?

जन्म २७ फेब्रुवारी १९०२, कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी. आई शिक्षिका होती, वडील पुढे मॉन्टेरे काउंटीचे खजिनदार झाले. म्हणजे घर मजुराचं नव्हतं. पण सलिनासचं खोरं शेतीचं. स्प्रेकल्स साखर कंपनीच्या शेतांवर तो तरुणपणी मजुरांच्या बरोबरीने राबला. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९१९ ते १९२५ अधूनमधून गेला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बांधकामावर बिगारी म्हणून काम केलं, लेक टाहोजवळ एका बंगल्याची राखण केली. पहिली कादंबरी १९२९ मध्ये आली, समुद्री चाच्यावरची. ती चालली नाही. नाव झालं ते १९३५ च्या 'टॉर्टिया फ्लॅट'ने.

पुढची चार वर्षं मात्र विलक्षण आहेत. १९३६ मध्ये 'इन ड्युबियस बॅटल', १९३७ मध्ये 'ऑफ माइस अँड मेन', १९३९ मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'. शेतमजुरांवरच्या या तीन कादंबऱ्यांमुळेच तो आज वाचला जातो, असं मी ठामपणे म्हणेन. १९६२ मध्ये नोबेल मिळालं (पाहा प्रश्न १६), २० डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला.

२. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

'ऑफ माइस अँड मेन'. शंभर-सव्वाशे पानं, सहा भाग, आणि गोष्ट गुरुवार संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संपते. एका बैठकीत होतं. त्यानंतर थेट 'ग्रेप्स' घ्या.

'द पर्ल' लहान आहे म्हणून बरेच जण तिथून सुरू करतात. पुस्तक चांगलं आहे, पण ती बोधकथेच्या अंगाने जाणारी गोष्ट आहे. स्टाइनबेकची खरी ताकद, म्हणजे कामकरी माणसांचं बोलणं आणि त्यांचे हात, तिथे फारसे दिसत नाहीत. 'ईस्ट ऑफ ईडन' (१९५२) त्याला स्वतःला आपलं सर्वांत मोठं काम वाटायचं. ते सहाशे पानांचं आहे आणि मजुरांपेक्षा घराण्यांचं आहे. ते शेवटी वाचा.

३. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'ची कथा शेवट न सांगता सांगता येईल का?

येईल. टॉम जोड मारामारीत माणूस मेल्याबद्दल चार वर्षं तुरुंगात काढून ओक्लाहोमातल्या आपल्या घरी परत येतो, तर घर रिकामं. ट्रॅक्टरने त्याचा कोपराच ढकलून दिलेला. कुटुंब चुलत्याकडे सापडतं आणि कॅलिफोर्नियाला निघायच्या तयारीत असतं, कारण फळं तोडायला माणसं हवीत अशी छापील पत्रकं गावोगाव आली आहेत. शेतावरचं सगळं किडुकमिडुक विकून हातात पडतात १८ डॉलर. जुनी हडसन गाडी मागून कापून तिचा ट्रक केलेला, त्यात घरची बारा माणसं आणि तेरावा जिम केसी, ज्याने धर्मोपदेशकाचं काम सोडून दिलंय. मग हायवे ६६, वाळवंट, आणि कॅलिफोर्निया. तिथे तीच पत्रकं वाचून आलेली हजारो माणसं आधीच बसलेली असतात.

निघण्याच्या पहाटे आई एकटी चुलीपाशी बसते. तिच्याजवळ एक खोकं आहे, त्यात पत्रं, कात्रणं, फोटो. दागिन्यांचे दोन-चार बारीकसारीक नग ती बाजूला काढते आणि बाकीचं खोकं अलगद विस्तवावर ठेवते. लेखक त्यावर एक शब्द बोलत नाही. घर सोडणं म्हणजे काय हे मला त्या परिच्छेदाइतकं कुठेच कळलेलं नाही.

४. नावाचा अर्थ काय? द्राक्षांचा रागाशी काय संबंध?

ज्युलिया वॉर्ड हाऊ हिने अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लिहिलेल्या 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक' या गीतातले ते शब्द आहेत, आणि त्यांचं मूळ बायबलमध्ये आहे : देवाचा कोप साठत जातो आणि द्राक्षांसारखा तुडवला जातो. नाव सुचवलं स्टाइनबेकची पहिली बायको कॅरल हिने. हस्तलिखित टाइपही तिनेच केलं. पुस्तक अर्पण केलं आहे ते दोघांना, त्यातली पहिली तीच. दुसरा कोण ते प्रश्न ८ मध्ये.

नाव नुसतं शोभेचं नाही. कॅलिफोर्नियात पीक उदंड आलं म्हणून भाव पडतो, तो टिकवण्यासाठी संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल ओततात, बटाटे नदीत फेकतात आणि कुणी काढून नेऊ नये म्हणून काठावर पहारा बसवतात. भुकेली माणसं ते उभी राहून बघतात. पिकतंय ते काय, हे त्या प्रकरणाच्या शेवटी कळतं.

५. मधली ती कासवाची, रस्त्याची, गाड्या विकणाऱ्यांची प्रकरणं सोडली तर चालेल का?

नाही, कृपया सोडू नका. तीस प्रकरणांपैकी सोळा अशी आहेत, जिथे जोड कुटुंब नसतंच. ती गाळली तर एका घराची करुण कहाणी उरते. ती वाचली तर कळतं की हे एका घराचं दुर्दैव नाही, ती व्यवस्था आहे.

पाचवं प्रकरण घ्या. ट्रॅक्टर घेऊन घर पाडायला आलेला ड्रायव्हर त्याच पंचक्रोशीतला, ओळखीच्या माणसाचा पोरगा निघतो. रोजचे तीन डॉलर मिळतात, घरी पोरं आहेत, म्हणून तो हे काम करतो. कूळ म्हणतं, तुला गोळी घालीन. पोरगा सांगतो, मला मारून काय होणार, उद्या दुसरा येईल. मग हुकूम देणाऱ्याला मारतो. त्याला बँकेचा हुकूम आहे. मग बँकेच्या अध्यक्षाला. त्याला पूर्वेकडून हुकूम येतो. शेवटी हातात बंदूक घेतलेला माणूस विचारतो की मग मारायचं तरी कुणाला? माणसाला बेघर केलं जातं आणि बेघर करणारा कुणीच सापडत नाही. माझ्या मते स्टाइनबेकचं सगळं म्हणणं या एका संभाषणात आहे. पुढची सगळी पानं तो त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करतो.

आणि पंधरावं. रस्त्याकडेच्या खाणावळीत एक बाप दहा सेंटांचा पाव मागतो. पाव पंधरा सेंटांचा असतो. कुरकुर करत मे नावाची वाढपीण तो दहाला देते. पोरं काचेतल्या पेपरमिंटच्या कांड्यांकडे टक लावून बघत असतात. बाप विचारतो, पेनीला, म्हणजे एका सेंटला, एक मिळते का? ती म्हणते, पेनीला दोन. खरं तर एकेक पाच सेंटांची. हे बघत बसलेले दोन ट्रक ड्रायव्हर जाताना बिलापेक्षा कितीतरी जास्त पैसे ठेवून जातात. हे प्रकरण वगळून पुढे जाणाऱ्यांबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

६. जोड कुटुंब धुळीच्या वादळांमुळे देशोधडीला लागलं, बरोबर?

अर्धं बरोबर. 'डस्ट बोल'चा, म्हणजे १९३० च्या दशकातल्या त्या धुळीच्या वादळांच्या पट्ट्याचा, गाभा ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाकडे आणि लगतच्या टेक्सस, कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिकोच्या भागात होता. जोड कुटुंबाचं सॅलिसॉ गाव राज्याच्या पूर्व कडेला, आर्कान्सासजवळ. भूगोलाच्या दृष्टीने स्टाइनबेकने धूळ जरा जास्तच पूर्वेकडे सरकवली आहे, आणि जाणकारांनी ते दाखवून दिलं आहे.

पण कादंबरी नीट वाचली तर माणसं हुसकली जातात ती धुळीने नव्हे. कापसाने कस गेलेली जमीन, पडलेले भाव, कर्ज, आणि एका ट्रॅक्टरने बारा-चौदा कुळांचं काम करणं, ही खरी कारणं. पूर्व ओक्लाहोमातली कुळं मुख्यतः याच कारणांनी उठली. तपशील चुकला, कारण चुकलं नाही.

७. जमीन त्यांचीच होती ना? मग बँक कशी काढून घेते?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. आजोबांनी कसायला घेतलेली जमीन पुढे कर्जापायी बँकेकडे गेली आणि त्याच जमिनीवर ही मंडळी पिकाचा वाटा देऊन राहू लागली. मराठीत सांगताना आपण 'कूळ' म्हणतो आणि लगेच डोक्यात कूळकायदा येतो, १९४८ चा, 'कसेल त्याची जमीन'वाला. जोडांना असं कसलंही संरक्षण नव्हतं. तीन पिढ्या राबल्याने हक्क तयार होत नव्हता. 'आम्ही इथे जन्मलो, इथे मेलो, म्हणून जमीन आमची' असं ते जे म्हणतात ते कायद्याचं वाक्य नाही. म्हणूनच ते इतकं जोरात म्हणावं लागतं.

८. हे सगळं त्याने स्वतः पाहिलं होतं की ऐकून लिहिलं?

पाहिलं होतं. १९३६ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या वृत्तपत्राने त्याला स्थलांतरित मजुरांवर लिहायला पाठवलं. ऑक्टोबरात 'द हार्वेस्ट जिप्सीज' ही सात लेखांची मालिका छापून आली. तेव्हाच आर्विनजवळच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स त्याला भेटला. कॉलिन्स छावणीचे अहवाल फार बारकाईने लिहायचा : कोण आलं, काय खातात, कोणती गाणी म्हणतात, कसं बोलतात. ते अहवाल स्टाइनबेकला मिळाले, आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतला दुसरा माणूस तोच. कादंबरीतली वीडपॅच छावणी याच छावणीवरून उभी राहिली. तिथे कारभार रहिवाशांच्या निवडून दिलेल्या समित्या चालवतात. रुथी आणि विनफिल्ड ही जोडांची पोरं पहिल्यांदा फ्लशचा संडास पाहतात, पाणी धो धो वाहतं, आणि आपल्या हातून काहीतरी मोडलं म्हणून घाबरून पळतात. असले तपशील टेबलापाशी बसून सुचत नाहीत.

१९३८ च्या सुरुवातीला व्हिसेलियाच्या आसपास पूर आला. तंबूंत उपाशी अडकलेल्या कुटुंबांना मदत करायला तो कॉलिन्सबरोबर चिखलात उतरला. त्या रागात आधी एक उपहासात्मक पुस्तक लिहिलं आणि ते खोटं वाटलं म्हणून नष्ट केलं. मग मे ते ऑक्टोबर १९३८, साधारण पाच महिन्यांत 'ग्रेप्स' हाताने लिहून काढलं. १४ एप्रिल १९३९ ला ते प्रसिद्ध झालं.

कामाची त्याला असलेली जाण पाहायची तर सोळावं प्रकरण वाचा. रस्त्यात विल्सन दांपत्याच्या गाडीचं बेअरिंग जातं. टॉम आणि त्याचा भाऊ अल भंगारातून कनेक्टिंग रॉड सोडवून आणतात, रात्री उजेडाला धरून खालून इंजिन खोलतात, पिस्टनच्या रिंगा आत जाव्यात म्हणून त्यांवर पितळेची बारीक तार गुंडाळतात. टॉमचा हात फाटतो, तर तो जमिनीवर लघवी करून तो चिखल जखमेवर थापतो आणि पुढच्या बोल्टला लागतो. गरिबांवर दया दाखवणारे लेखक खूप झाले. त्यांच्या कौशल्याचा असा मान ठेवणारे थोडे.

९. त्याने सनोरा बॅबच्या टिपणांवर डल्ला मारला, हे खरं का?

सनोरा बॅब ही स्वतः लेखिका. १९३८ मध्ये ती याच छावण्यांत कॉलिन्सच्या हाताखाली काम करत होती आणि सविस्तर टिपणं ठेवत होती. ती टिपणं कॉलिन्समार्फत स्टाइनबेकला दाखवली गेली असं सांगितलं जातं. त्यातलं नेमकं किती त्याने वापरलं यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि कॉलिन्सचे अहवाल व स्वतःची पाहणी त्याच्याकडे आधीपासून होतीच. 'चोरी' हा शब्द मी वापरणार नाही.

तिच्यावर अन्याय झाला हे मात्र निर्विवाद. तिची कादंबरी रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेने जवळजवळ स्वीकारली होती. 'ग्रेप्स' धडाक्यात खपू लागलं आणि एकाच विषयावर दुसरं पुस्तक बाजारात चालणार नाही म्हणून तिची परत गेली. 'हूज नेम्स आर अननोन' या नावाने ती छापली गेली २००४ मध्ये, बॅब नव्वदी ओलांडून गेल्यावर. बॅब त्या कोरड्या मैदानी मुलुखात वाढली होती, त्यामुळे प्रश्न ६ मधली धूळ तिच्या पुस्तकात जागच्या जागी आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

१०. पुस्तक जाळलं होतं म्हणतात. का?

बड्या बागायतदारांना ते झोंबलं. कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीत, म्हणजे जिथे ती आर्विनची छावणी होती तिथेच, ऑगस्ट १९३९ मध्ये लोकनियुक्त मंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि शाळांतून ते काढायचा ठराव केला. बेकर्सफील्डमध्ये एक प्रत कॅमेऱ्यासमोर जाळली. काडी लावायला पुढे केला होता एक शेतमजूर. ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी पत्र लिहून बंदीला विरोध केला. बंदी १९४१ मध्ये उठली. कारण दिलं अश्लीलतेचं आणि बदनामीचं. पण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी १९४० मध्ये छावण्या फिरून पाहिल्या आणि पुस्तकात अतिशयोक्ती वाटली नाही असं जाहीर सांगितलं. ते १९३९ मधलं सर्वाधिक खपाचं पुस्तक ठरलं आणि १९४० चं पुलित्झर त्याला मिळालं.

११. 'ग्रेप्स'चा शेवट किळसवाणा वाटला. असा का केला? (शेवट उघड)

मूल मेलेलं जन्माला आल्यावर टॉमची बहीण रोझ ऑफ शॅरन पुरातून वाट काढत एका गोठ्यात येते आणि तिथे भुकेने मरायला टेकलेल्या अनोळखी माणसाला आपलं दूध पाजते. संपादक पास्काल कोविची यांनाही शेवट बदलावासा वाटला होता. स्टाइनबेकने नकार दिला. तो माणूस अनोळखीच हवा, त्याची कथेत आधी ओळख असताच कामा नये, यावर तो अडून बसला.

माझं मत त्याच्या बाजूचं आहे. सबंध कादंबरीत 'आपलं घर' ही कल्पना थोडीथोडी रुंदावत जाते. आधी फक्त जोड, मग विल्सन, मग छावणी. हूपरच्या मळ्यावर आईला साखरेला दहा सेंट कमी पडतात, तेव्हा दुकानातला कारकून, आधी तिला टोचून बोललेला, स्वतःच्या खिशातले दहा सेंट गल्ल्यात टाकतो. गरज पडली तर गरिबाकडेच जावं, तोच मदत करतो, असं आई त्या वेळी म्हणते. गोठ्यातलं दृश्य म्हणजे तेच बोलणं पुरतं खरं करून दाखवणं. अंगावर येतं, यावं म्हणूनच लिहिलंय.

१२. 'ऑफ माइस अँड मेन'मध्ये जॉर्ज बरोबर वागला का? (शेवट उघड)

उत्तर कँडीच्या, म्हणजे मळ्यावरच्या हात तुटलेल्या म्हाताऱ्या मजुराच्या, कुत्र्यात शोधा. म्हातारं, वास मारणारं कुत्रं कार्लसन हा दुसरा मजूर बाहेर नेऊन मारतो आणि कँडी नंतर म्हणतो की ते मी स्वतः करायला हवं होतं, परक्याला करू द्यायला नको होतं. पुढे जॉर्ज आपला सोबती लेनीला मारतो ते कार्लसनच्याच पिस्तुलाने. झुंडीच्या हाती पडू देण्यापेक्षा आपल्या हाताने. बरोबर की चूक, स्टाइनबेक सांगत नाही. पुस्तकाचं त्याने आधी ठरवलेलं नावच 'घडलेली एक गोष्ट' अशा अर्थाचं होतं.

मात्र एक हिशोब लक्षात ठेवा. जॉर्ज आणि लेनी ज्या जमिनीचं स्वप्न बघतात तिची किंमत ६०० डॉलर. कँडीकडे ३५० होणार, त्यातले २५० हात तुटल्याची भरपाई. म्हणजे ते शेत स्वप्न नव्हतं, महिन्याभरावर आलेला व्यवहार होता. शोकांतिका तिथे आहे.

(हस्तलिखित कुत्र्याने खाल्लं हेही खरं. टोबी नावाच्या त्याच्या पिल्लाने सुमारे अर्धं फाडून टाकलं आणि दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.)

१३. तो कम्युनिस्ट होता का?

पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. 'इन ड्युबियस बॅटल' वाचलंत तर शंका उरणार नाही. सफरचंद तोडणाऱ्यांच्या संपात उतरलेला मॅक हा संघटक शूर आहे, पण माणसाचं दुःख, बाळंतपण, शेवटी आपल्या सोबत्याचं प्रेतसुद्धा तो संपासाठी वापरतो. लेखक मजुरांच्या बाजूने आहे, संघटकाला मात्र सूट देत नाही. आणि १९६६-६७ मध्ये त्याने व्हिएतनाममधून जी वार्तापत्रं लिहिली ती अमेरिकी सैन्याच्या बाजूची होती. डावे मित्र दुखावले. मलाही ती वाचताना त्रास होतो.

१४. मग मेक्सिकन, फिलिपिनो मजूर कुठे गेले?

आक्षेप रास्त आहे. कॅलिफोर्नियाची शेती चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो हातांवर उभी राहिली. १९३३ च्या कापूस संपात बहुसंख्य मजूर मेक्सिकन होते, आणि तरी त्या वर्षीच्या संपांवरून बेतलेल्या 'इन ड्युबियस बॅटल'मध्ये सगळे गोरे दिसतात. 'द हार्वेस्ट जिप्सीज'मध्ये तो या मजुरांच्या पिळवणुकीबद्दल स्पष्ट लिहितो, पण कादंबरीत त्याने गोऱ्या ओक्लाहोमावाल्यांनाच पुढे आणलं. अमेरिकी वाचकाला 'आपलीच माणसं' बघून धक्का बसला, हे त्या पुस्तकाचं यशही आणि त्याची मर्यादाही.

१५. जॉन फोर्डचा 'ग्रेप्स'वरचा चित्रपट पाहिला तर पुस्तक वाचायची गरज आहे का?

आहे. १९४० चा तो चित्रपट उत्तम आहे, दिग्दर्शनाचं आणि सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर त्याला मिळालं. पण त्याने क्रम उलटवला. पुस्तकात सरकारी छावणी आधी येते आणि नंतर हाल वाढत जातात. चित्रपटात छावणी शेवटाकडे नेली, त्यामुळे उतार चढणीसारखा दिसतो. प्रश्न ११ मधलं दृश्य तर नाहीच. 'ईस्ट ऑफ ईडन'च्या १९५५ च्या चित्रपटातही कादंबरीचा फक्त शेवटचा भाग आहे.

१६. नोबेल त्याला मिळायला नको होतं, असं का म्हणतात?

१९६२ मध्ये अमेरिकेतच टीका झाली की त्याचं चांगलं लेखन वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. नोबेलला तुम्ही पात्र आहात का असं पत्रकारांनी विचारल्यावर तोही म्हणाला, खरं सांगायचं तर नाही. पन्नास वर्षांनी समितीची कागदपत्रं खुली झाली, तेव्हा त्या वर्षीच्या यादीवर समितीही फारशी खूश नव्हती हे दिसलं. 'ग्रेप्स' लिहिणाऱ्याला पुरस्कार उशिरा मिळाला, चुकून नाही.

१७. संवादांमधली बोली समजत नाही. काय करू?

मोठ्याने वाचा. शब्दांचं स्पेलिंग कानावर येतं तसं लिहिलेलं आहे, म्हणून डोळा अडतो आणि कान अडत नाही. क्रियापदाआधीचा 'अ' आणि शेवटचा गाळलेला 'ग' ओळखीचे झाले की अर्धं काम झालं. 'ओकी' हा शब्द मात्र लक्षात ठेवा : आधी नुसतं ओक्लाहोमाचा माणूस, कॅलिफोर्नियात पोचेपर्यंत ती शिवी झालेली असते.

१८. मला मराठीत अनुवाद करायचा आहे. परवानगी लागेल का?

सध्या लागेल. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. स्टाइनबेक १९६८ मध्ये गेला, म्हणून त्याच्या हयातीत छापलेली पुस्तकं भारतात १ जानेवारी २०२९ पासून मोकळी होतील. अमेरिकेत 'ग्रेप्स'चा हक्क २०३४ अखेरपर्यंत आहे, त्यामुळे तिथे विकायचा विचार असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल.

अपवाद मरणोत्तर पुस्तकांचा. 'ग्रेप्स' लिहितानाची त्याची रोजनिशी 'वर्किंग डेज' १९८९ मध्ये छापली गेली. तिची साठ वर्षं तिथून सुरू होतात. 'ग्रेप्स' मोकळं होईपर्यंत कच्चा खर्डा करायला कुणाची ना नाही. पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करा, आणि ट्रॅक्टरवरच्या पोराला आणि त्या कुळाला एकाच गावची बोली द्या.